हात न लावता पिंच मयूरासन

इथे जर्मनीत योगवर्ग घ्यायला लागण्याआधी मला एका कागदावर सही करावी लागली. त्यात एक अट होती : समोरच्याने होकार दिल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. वर्गाच्या दाराशी टोपलीत लाकडी चकत्या असतात. एका बाजूला ‘हो’, दुसऱ्या बाजूला ‘नको’. ज्याने त्याने आपली चकती चटईच्या टोकाला ठेवायची, वाटलं तर मधेच उलटवायची. ती अट वाचून मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे आसनं शिकलेल्यांना हा राग लगेच कळेल. आमच्या बाई मागून यायच्या, खांद्याच्या पात्यांवर तळहात टेकवायच्या आणि पाठ कुठून उचलायची ते पाठीलाच कळायचं. त्या विचारत नसत. त्यांनी विचारावं असं आमच्या मनातही येत नसे. त्या हातांमध्ये वर्षानुवर्षांची साधना होती, माया होती. हा नियम त्या हातांकडेही संशयाने बघतो, हे मला लागलं.

नियम कशामुळे आला ते मला ठाऊक आहे. २०१७ नंतर कितीतरी स्त्रियांनी पुढे येऊन सांगितलं, की आसन दुरुस्त करण्याच्या नावाखाली शिक्षकांनी त्यांच्या अंगाशी लगट केली. त्या शिक्षकांत जगभर नावाजलेले भारतीय गुरूही होते. ‘आपल्याकडे असं होत नाही’ असं म्हणायला मला जागा नाही. तरीही ज्यांच्याकडून मी शिकले त्या बाईंना त्या रांगेत उभं करायला मन तयार होत नाही.

या नियमाची खरी परीक्षा झाली पिंच मयूरासनात. कोपरापासून तळव्यापर्यंतचा हात जमिनीवर, बाकी सगळं शरीर वर. शीर्षासनात टाळूचा आधार असतो, इथे डोकं अधांतरी. नवख्या माणसाची कोपरं फाकतात आणि तळवे आत सरकतात. दंड डोक्याच्या वर नेताना पाठीचा रुंद स्नायू आणि छातीचे स्नायू आखडलेले असले, तर ते दंडाचं हाड आत फिरवतात. मग खांदे कानांकडे कोसळतात आणि त्याची भरपाई कमर करते, वाकून. म्हणून कोपरांच्या जरा वर पट्टा, तळव्यांमध्ये ठोकळा आणि समोर भिंत. हे ठोकळे-पट्टे बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी रूढ केले, १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली, हे मी वर्गात आवर्जून सांगते. इथल्या लोकांना ते कुठल्या तरी कंपनीने काढलेलं सामान वाटतं आणि ते मला सहन होत नाही. पण कुणी हे आसन हजारो वर्षांचं आहे का म्हणून विचारलं, तर हेही सांगते की हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात १५ आसनं आहेत, त्यांत मयूरासन आहे, पिंच मयूरासन नाही.

हात बांधलेले, आणि जर्मन काही माझी मातृभाषा नाही. ‘खांदे उचला’ म्हटलं की प्रत्येक जण वेगळंच काही उचलतो. म्हणून रोज सकाळी मी वाक्य आधी स्वतःवर करून बघायला लागले. कोपरं एकमेकांकडे ओढायची, मनगटं एकमेकांपासून दूर न्यायला बघायचं, प्रत्यक्षात दोन्ही जागची हलू द्यायची नाहीत. एवढं केलं की दंड बाहेर फिरतो आणि मान मोकळी होते. पाय कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवून शरीर काटकोनात ठेवलं, की हे सगळं उडी न मारता समजतं. नेहमीच्या पायाऐवजी दुसऱ्या पायाने झेप घ्यायला लागल्यावर कुठला खांदा काम करतोय आणि कुठला नुसता सोबत येतोय, तेही कळलं. हे मला कुणाच्या हाताने कधीच सांगितलं नव्हतं.

फोनवर बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, एवढं बोलायला आम्हाला वेळ कुठे होता! वर्गात माणसंच इतकी असायची.” त्या रागावतील असं वाटलं होतं, पण नाही रागावल्या.

माझ्या वर्गात एक बाई येतात. त्यांची चकती पहिल्यापासून ‘नको’वरच आहे. का, ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्या नुसत्या शब्दांवर भिंतीपाशी वर गेल्या आणि शांतपणे खाली आल्या. मला झालेला आनंद लपवता आला नाही. तरीही ज्यांची चकती ‘हो’ असते ते लवकर शिकतात, असं मी म्हणेनच. निदान मला तरी तसं दिसतं.

रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना मी हे उलटं आसन देत नाही. ते खुर्चीच्या बैठकीवर कोपरं टेकवून खांद्यांचं तेच काम करतात आणि त्यात काही कमीपणा नाही. बाकीचे आता भिंतीपासून थोडे दूर सरकलेत. टाच भिंतीला टेकली की कमर लगेच वाकते, म्हणून एकच टाच टेकवून दुसरा पाय सरळ वर, असं सध्या चाललंय. पुढच्या आठवड्यात ठोकळा काढून बघणार आहे, पट्टा अजून राहू देईन.