क्रुगरमध्ये सहा रात्री, स्वतः गाडी चालवत

ताडोब्यात जिप्सी त्यांची आणि गाइडही त्यांचाच. क्रुगरमध्ये गाडी आपण चालवतो, त्यामुळे चुकाही आपल्याच. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १९२६ साली घोषित झालं. क्षेत्रफळ जवळपास १९,५०० चौ. किमी आणि उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किमीच्या आसपास. सहा रात्रींत ते सगळं बघण्याचा नाद धरू नये. ऑगस्टमधल्या या फेरीत दोनच कॅम्प घेतले, लोअर साबी आणि साटारा, प्रत्येकी तीन रात्री. (साटाराचा आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. मोजणीदाराच्या हाताखालच्या भारतीय माणसाने सतराव्या भूखंडाला हिंदीत 'सत्रह' म्हटलं आणि त्याचं साटारा झालं, असं सांगतात.)

ऑगस्ट निवडायचं कारण गवत. पाऊस उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो. ऑगस्टपर्यंत गवत वाळून बसतं, झुडपांची पानं झडतात आणि जनावरं पाण्याकडे ओढली जातात. मलेरियाचा धोकाही या दिवसांत कमी असतो, तरी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी पंचवीसच्या पुढे, म्हणून कपडे थरांत घालायचे. सॅनपार्क्सचं (तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी संस्था) बुकिंग ११ महिने आधी उघडतं आणि नदीकाठच्या खोल्या आधी जातात. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल आणि तिथला थांबा १२ तासांच्या वर असेल, तर पीतज्वराच्या लशीचं कार्ड लागतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. थांबा कमी असला तरी काउंटरवरची हुज्जत नको असेल तर घेऊनच टाका.

जोहान्सबर्ग विमानतळावरून एन-४ महामार्गाने क्रोकोडाइल ब्रिज गेट साडेचारशे किमीच्या आसपास, म्हणजे सहज पाच-साडेपाच तास. विमान दुपारी उतरणार असेल तर त्या दिवशी गेट गाठायचा हट्ट सोडा, वाटेत मबोम्बेला किंवा मालेलेनला राहा. आत गेल्यावर दुकानं महाग आणि भाजी मोजकीच, म्हणून डाळ, तांदूळ, मसाला या गावांतल्या सुपरमार्केटातून भरावा. तिथेच तीन किलो तांदूळ जास्तीचा घ्यायचा, तो बीनबॅगसाठी, म्हणजे खिडकीच्या काठावर लेन्स टेकवायच्या पिशवीसाठी. रिकामी पिशवी घरून न्यावी आणि पाऊणच भरावी. गच्च भरली की लेन्स खिडकीच्या काठावर बसत नाही, गडगडते.

गाडी भाड्याने घेताना फोर बाय फोरवर पैसे घालवायची गरज नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि खडीचे रस्तेही कोरड्या हंगामात साध्या गाडीला चालतात. मात्र उंच बसायला मिळेल अशी गाडी घ्या. छोट्या हॅचबॅकमधून वाळलेल्या गवतावरून फक्त सिंहाचे कान दिसतात. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे आणि वाहतूक डावीकडून, त्यामुळे सवय करावी लागत नाही. फोटो काढणारे दोघं असतील तर एकाने चालकाच्या जागी आणि दुसऱ्याने त्याच्या मागे, दोघांनी उजव्याच बाजूला बसावं. म्हणजे कुठली खिडकी जनावराकडे करायची यावर वाद होत नाही.

वेगमर्यादा डांबरीवर ताशी ५०, खडीवर ४०. बघत जायचं तर सरासरी २० ते २५ पडते. दिवसाला १०० किमीच्या वर बेत आखला की संध्याकाळी गेट गाठायची धावपळ होते आणि उशिराला दंड असतो. ऑगस्टमध्ये कॅम्पचं गेट सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद होतं.

लोअर साबीहून स्कुकुझा या मोठ्या कॅम्पकडे जाणारा एच-४-१ हा रस्ता साबी नदीच्या दक्षिण काठाने जातो. बहुतेक जण तो स्कुकुझाकडून सकाळी सुरू करतात आणि डोळ्यांत सूर्य घेऊन येतात. लोअर साबीहून निघालात तर सूर्य पाठीशी राहतो आणि नदी चालकाच्या खिडकीकडे येते. समोरच्या लेनमधल्या गाड्या मध्ये येतात, म्हणून नदीकडे वळणारे छोटे फाटे सोडू नका. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, हे आपल्या अंगवळणी नसतं. त्यामुळे या रस्त्यावर दुपारी नदीकडचं सगळं उलट्या उजेडात येतं.

बिबट्या शोधायचा तो नदीकाठच्या मोठ्या झाडांवर. आडव्या फांदीखाली लोंबणारी शेपूट आधी दिसते, टोकाला जराशी वर वळलेली. ठिपके फार नंतर कळतात. जनावरांचे धोक्याचे कॉल इथेही ऐकायचे: चितळाच्या जागी इम्पालाचं नाक फुरफुरवणं, वानराच्या जागी बबूनचा भुंकल्यासारखा आवाज. एकटा जिराफ चरणं सोडून एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर इंजिन बंद करून थांबा.

इंजिन बंद करणं महत्त्वाचं, कारण ४०० मिमीच्या पुढच्या लेन्सला त्याची थरथर कळते. याहून जास्त फोटो बिघडवतो तो हीटर. थंड पहाटे आत हीटर आणि खिडकी उघडी असली की गरम हवा लेन्ससमोरून बाहेर जाते आणि फोटोतल्या जनावराच्या डोळ्यांची धार जाते. लोक लेन्सला दोष देत बसतात. बॉनेटवरून तिरका फोटो घेतला तरी तेच होतं. सकाळी नऊ-दहानंतर जमिनीवरूनच हवा थरथरू लागते. तेव्हा शंभर मीटरवरचा सिंह ६०० मिमीने ओढण्यात अर्थ नाही, जवळचे पक्षी घ्या.

शटरचा वेग स्थिर जनावराला १/५०० सेकंद, चालत्याला १/१०००, उडत्या पक्ष्याला १/२५०० आणि ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा. केप बफेलोने चौकट भरली की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर (उजेडाचं माप) पाऊण स्टॉप उणे. गवतातल्या जनावरावर डोळा ओळखणारा फोकस काडीलाच धरतो, तिथे एकच बिंदू वापरा. खडीवर लेन्स बदलू नका. दोन कॅमेरा बॉडी नसतील तर लांब लेन्स दिवसभर काढूच नये. मांडीवर कॅमेऱ्यासाठी जुना उशीचा अभ्रा ठेवावा, धुळीला त्याहून स्वस्त उपाय नाही.

संध्याकाळी लोअर साबीला लागूनच असलेलं सनसेट डॅम. पाणघोडे, मगरी, बगळे, करकोचे, कवड्या खंड्या. कॅम्प इतका जवळ की शेवटच्या उजेडापर्यंत बसता येतं. पाणघोड्याची जांभई एकटी येत नाही. पहिलीला फोटो चुकतोच, कॅमेरा त्याच्यावरच धरून दुसरीची वाट बघा.

चौथ्या दिवशी एच-१० ने साटारा, साधारण ९० किमी, पाच तास धरा. वाटेतल्या न्कुम्बेच्या टेकडीवर गाडीतून उतरायची परवानगी आहे. एरवी ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, हातही बाहेर काढायचा नाही. वाटेतल्या त्शोक्वाने या खाण्यापिण्याच्या थांब्यावर माकडं ताटातलं उचलतात, पोळी उघडी ठेवू नका.

साटाऱ्याच्या पूर्वेची जमीन बेसॉल्टची, गवत कसदार. म्हणून झेब्रे आणि विल्डबीस्ट, आणि म्हणून सिंह. एस-१०० हा खडीचा रस्ता त्यासाठी प्रसिद्ध, सकाळी ६ ला तिथे गाड्यांची माळच लागते. सिंहाभोवती दहा गाड्या जमल्या असतील तर मागून घुसू नका. सिंह चालत असेल तर त्याची दिशा बघून दोनशे मीटर पुढे जाऊन थांबा, समोरून येणारा सिंह मिळतो. थंड पहाटे डांबराची ऊब घ्यायला ते रस्त्यातच पसरतात.

हत्तीशी मात्र खेळ नाही. गंडस्थळातून मद वाहतोय, मागचे पाय लघवीने ओले, असा माजावरचा नर रस्त्याने येत असेल तर इंजिन चालू ठेवा आणि शंभर मीटर अंतर राखत शांतपणे मागे घ्या. म्हणूनच मागे दुसरी गाडी खेटून उभी राहू देऊ नये. आई आणि पिल्लाच्या मधून गाडी काढायची नाही, कळप पूर्ण ओलांडला असं वाटलं तरी मिनिटभर थांबा. एखादी मागे राहिलेली असतेच.

चार्जिंगचं एक. तिथलं सॉकेट आपल्या गीझरच्या १६ अँपिअर प्लगचं, जाड तीन गोल पिनांचं असतं. घरून १६ ते ६ अँपिअरचा कन्व्हर्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, विमानतळावरचा महागडा अडॅप्टर नको. गेंड्याचे फोटो टाकण्याआधी फाइलमधलं जीपीएस काढा आणि रस्त्याचा क्रमांक लिहू नका, शिकारी तेच वाचतात. परतताना साटाऱ्याहून ऑर्पेन गेट ४८ किमीवर आहे. पण शेवटच्या सकाळी वाटेत काहीतरी आडवं येतंच, म्हणून जोहान्सबर्गची विमानं रात्रीची किंवा दुसऱ्या दिवशीचीच घ्या.