उजव्या हाताची वही

विदर्भातल्या खेड्यात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द फार सैल आहे. इंग्रजी पाटी लागली, गळ्यात टाय आला, की झालं कॉन्व्हेंट. तिथं कधी सिस्टर फिरकली असो वा नसो. खऱ्या मिशनच्या शाळेत मात्र स्टाफरूमच्या कपाटात बायबलशेजारी सेवा मंडळाची, म्हणजे गावात सेवेची कामं करणाऱ्या मुलांच्या गटाची, लांबडी वही हमखास सापडते. तारीख, काम, तास, सही. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं एक पुस्तक सांगतं. त्याला टेकून उभी असलेली वही उजव्या हातानं केलेल्या कामाचे तास मोजत असते. दोघांचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

तासांचा सोस एकट्या मिशनचा नाही म्हणा. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकालाही वर्षाला १२० तास भरावे लागतात, दोन वर्षांत २४०. शिवाय सात दिवसांचं शिबिर. मिशनच्या मंडळांची परंपरा त्याहून जुनी. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानामनं मित्रांबरोबर संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नावाची संस्था काढली, तेव्हा तो वीस वर्षांचा विद्यार्थीच होता. त्यांचं मुख्य काम साधं होतं: गरिबाच्या घरी जायचं. ही भेट जोडीनं द्यायची असते, आणि हा नियम आपल्या गावातही खरा ठरतो. एकटं पोरगं म्हातारीच्या दारात लाजून उभं राहतं, चौघं गेली तर आपसातच खिदळतात.

जोडीनं जाऊन करायचं काय, तर कागद वाचून दाखवायचे. निराधार योजनेचं, श्रावणबाळचं अनुदान घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. फॉर्ममध्ये नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तपासून लिहायचं. ‘शांताबाई’ आणि ‘शांता’ या कार्यालयाच्या लेखी दोन बाया आहेत. मोबाइलवरचा ओटीपी मुलांनी विचारायचा नाही, पासबुक घरी आणायचं नाही. एवढं काम दहा मिनिटांचं. पण आजी आधी म्हणणार, “बस व माय, च्या ठेवला हाय.” त्या चहाची वीस मिनिटं तासांत धरायची की नाही, यावर वहीत कुठंच खुलासा नसतो. माझ्या मते चहाच धरावा, फॉर्म सोडून द्यावा.

हे सगळं शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर. इतर दिवशी शाळा सुटते तेव्हा एसटी उभीच असते, आणि मुलींना ने-आण करणारी एसटीची निळी बस चुकली तर आठ-दहा किलोमीटरची पायपीट. सेवेचं वेळापत्रक एसटीला विचारूनच ठरवावं.

वहीतलं सगळ्यात देखणं पान वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे मातीच्या पोत्यांनी नाल्याचं पाणी अडवण्याचं. पाऊस ओसरला आणि नाल्याला धार आहे तोवर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, ते काम उरकावं. पुढं धार आटते, आणि सोयाबीनची कापणी व कापसाची वेचणी लागली की वर्गही आटतो. घर बांधणाऱ्यांकडून सिमेंटची रिकामी पोती मागून आणायची आणि लागेपर्यंत सावलीत ठेवायची, कारण उन्हानं त्यांचा धागा ठिसूळ होतो. पहिली चूक भरताना होते. पोट्टे जोशात पोतं तोंडापर्यंत ठासतात. ठासलेलं पोतं गोल होतं, गोल पोती एकमेकांवर बसत नाहीत आणि फटींतून पाणी पळतं. पोतं पाऊणच भरावं, तोंड दाभण-सुतळीनं शिवावं. मग ते चापट बसतं. भरलं पोतं ३५-४० किलोचं, त्यामुळं ते नाल्यावरच भरायचं आणि माती घमेल्यांची साखळी करून आणायची. घमेलंही अर्धंच, नाहीतर साखळी मध्येच तुटते. थर विटांसारखे, सांधे चुकवून, बुडाला रुंद, वर निमुळते. त्याआधी तळाची वाळू खरवडून कडक थर लागेपर्यंत चर काढावा आणि दोन्ही टोकं काठात नीट शिरवावीत. हे कंटाळवाणं काम टाळलं की बंधारा दिमाखात उभा राहतो आणि पाणी खालून किंवा कडेनं निघून जातं. फोटोत ते दिसत नाही. वहीत तास चारच पडतात, पाणी अडो वा न अडो.

झाडांचं गणित याहून कठीण. खड्डे दीड फुटाचे आणि पावसाआधी. भर पावसात काळी माती फावड्याला सोडत नाही. जुलैत लावलेलं कडुलिंबाचं, करंजाचं रोप दिवाळीपर्यंत कौतुकानं वाढतं. मग जमीन भेगाळते, मुळं उघडी पडतात, आणि ओतलेलं पाणी भेगेतून खाली जातं. आळ्यात आच्छादन हवं, पण कुटार, म्हणजे भुसा, नको. कुटारासाठी आलेलं जनावर रोपही तोंडी लावून जातं. वाळला पाला बरा. शेजारी बुडाला भोक पाडून सुती वात ओवलेलं मडकं पुरावं, वर झाकण ठेवावं.

मडकं भरायला माणूस लागतोच, आणि ऐन उन्हाळ्यात शाळा बंद. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, इकडं उन्हापायी महिनाअखेर होते. ३० रोपांना दर चौथ्या दिवशी दहा-दहा लिटर म्हणजे ३०० लिटर, पंधरा लिटरच्या वीस बादल्या, तेही ४५ अंशांत. छापील वहीत एप्रिलपर्यंतच रकाने असतात. म्हणून मागच्या कोऱ्या पानावर पट्टीनं रेघा मारून मे हातानं आखावा लागतो: शाळेपासून पायी अंतरावर राहणाऱ्या पाच-सहा मुलांची नावं, वार, बादल्या. तासांचा रकाना त्या पानाला नसतोच. शेऱ्याचा असतो, आणि त्यात पेन्सिलीनं असं काही लिहिलेलं: रोप १७, बकरी.