भिंतीतल्या मोकळ्या जागा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे पत्र हाती पडले, तेव्हा डोळ्यांसमोर आले ते सभागृहाचे लाकडी व्यासपीठ आणि त्यावर एका ओळीत उभी असलेली नववीची बारा मुले. त्या ओळीविषयीच लिहितो, कारण धुळे-जळगाव भागात इतकी वर्षे हौशी नाटके बसवताना मला नाटकाविषयी जे काही कळले, त्याची सुरुवात तिथे झाली.

1985 च्या दिवाळीच्या सुटीत पुण्याला आत्याकडे गेलो असताना मी ‘घाशीराम कोतवाल’ पाहिले. विजय तेंडुलकरांचे हे नाटक डिसेंबर 1972 मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यातली ब्राह्मणांची ती गाणारी, डोलणारी ओळ पाठमोरी झाली की भिंत होते, वळली की पुन्हा माणसे होतात, आणि तिच्यामागे जे चालले आहे ते ती कधी झाकते तर कधी उघडे पाडते. मी गावी परतलो तो ती ओळ डोक्यात घेऊनच. त्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाची एकांकिका 1972 च्या दुष्काळावर होती. आपल्या नाटकातही माणसांची भिंत हवीच, असा हट्ट धरून मी ते डोलणे, तो पदन्यास, ते एकदम पाठ फिरवणे, सारे आठवेल तसे मुलांकडून घोटून घेतले.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी खुर्च्या मांडायला आलेले आमचे शिपाई आप्पा बराच वेळ दाराशी उभे राहिले आणि मग त्यांनी विचारले, “हाई भीत कसाले?” ही भिंत कशाला, याचे मला उत्तर देता आले नाही. मराठीचे सर मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. त्यांनी मान वर न करता तोच प्रश्न पुढे नेला. त्या नाटकातल्या भिंतीआड सत्ता आणि तिची पापे आहेत. तुमच्या भिंतीआड काय आहे, असे ते म्हणाले. आमच्या भिंतीआड काहीच नव्हते. मागे उरलेले दोघे-तिघे आपले संवाद म्हणण्यासाठी ती बाजूला होण्याची वाट पाहत ताटकळत होते, इतकेच.

त्यानंतर दोन दिवस तालीम झाली नाही. आप्पा त्या दुष्काळात स्वतः रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेले होते. घमेली हातोहात कशी पुढे जात, दुपारी सुकडी कशी वाटली जाई, हे त्यांनी आम्हांला सांगितलेच. पण त्यांनी हजेरीपटाचेही सांगितले. पटावर वीस नावे असत आणि प्रत्यक्षात बाराच माणसे उभी असत. उरलेल्या आठांची नावे पुकारली गेली की ओळीतलाच कोणीतरी ‘हजर’ म्हणे, कारण तसे न म्हणणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पटावर राहीलच याची खात्री नसे. हे ऐकल्यावर आमची भिंत कुठे उभी राहायला हवी, ते कळले. बारा मुले घमेली पुढे देत उभी राहिली, त्यांच्यामध्ये आठ जागा मोकळ्या ठेवल्या, आणि मुकादमाने एकेक नाव घेतले की त्या मोकळ्या जागेशेजारचा मुलगा मान खाली घालून ‘हजर’ म्हणू लागला. पुढे सरांच्या सूचनेवरून तो शब्द आम्ही आपल्याकडच्या वहीगायनाच्या पद्धतीने बांधला. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलून धरायची. डोलणे गळून पडले, पदन्यासही गेला. माणसांच्या देहांनी झाकता येते आणि उघडेही पाडता येते, एवढी एकच गोष्ट पुण्याच्या त्या प्रयोगातून आमच्याजवळ उरली.

आपण चोरी केली, असे मला तरीही वाटत होते. तेव्हा सरांनी सांगितले की ती ओळ तेंडुलकरांनाही कोकणातल्या खेळ्यांनी दिली होती. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. जॉन गे यांचा 1728 मधला ऑपेरा ब्रेख्तने 1928 मध्ये बर्लिनमध्ये नव्याने मांडला आणि पुढे पु. ल. देशपांड्यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. प्रत्येक वेळी भिकारी आणि चोर त्या त्या शहराचे झाले. नक्कल वाईट असे सरांनी कधीच म्हटले नाही, आणि मीही म्हणणार नाही. आपल्या जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे गाण्याचे पहिले धडे घेणारे बालगंधर्व पुढे भास्करबुवा बखल्यांसमोर बसून शिकले, आणि गुरूच्या गळ्यातले जसेच्या तसे घोटल्यावाचून ती विद्या येत नाही. ते घोटणे रियाजाचे असते. मात्र बालगंधर्वांच्या मागून त्यांचे मुरके आणि मान वेळावणे उचलणारे पुष्कळ झाले. शब्दाला लयीत तोलून धरण्याचे त्यांचे कसब उचलायचे असते, हे फार थोड्यांनी जाणले.

आज माझ्याकडे येणारी मुले मागच्या वर्षी बक्षीस मिळवलेल्या एकांकिकेचे चित्रीकरण मोबाइलवर पाहून येतात आणि प्रकाशाच्या जागांसकट ती मांडणी मागतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण मीही तसाच आलो होतो. पण आप्पांचा प्रश्न मी त्यांना विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत तालीम पुढे नेत नाही. यात कधी कधी आठवडा जातो, स्पर्धेची तारीख जवळ येते, पालक नाराज होतात. तरी तो आठवडा मला वाचवावासा वाटत नाही.

स्नेहसंमेलनात आमचा प्रयोग चांगला झाला, टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. पडदा पडल्यावर आप्पा आत आले, त्यांनी एक घमेले उचलून पाहिले आणि ते रिकामे असल्याचे प्रेक्षकांत बसूनही कळत होते, असे सांगितले. भरलेले घमेले हातात येताच माणूस आधी गुडघ्यात वाकतो, मग ते पुढे देतो. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी प्रयोग होता. नव्या वर्गखोल्यांच्या बांधकामासाठी मैदानात खडीचा ढीग पडलेला होता. त्यातली खडी आम्ही बारा घमेल्यांत भरली, पोत्यांत घालून एसटीच्या टपावर चढवली, आणि प्रयोग संपल्यावर मोजून परत आणली.