मायसाठी कमोड

मायचे गुडघे गेले त्याला दोन वर्षं झाली. उकिडवं बसणं म्हणजे तिला रोजची शिक्षा. आज मिस्त्रीसोबत दिवसभर राबून कमोड बसवलं.

आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फरशी एका अंगाला कललेली. नुसत्या व्हाईट सिमेंटवर भांडं टेकवलं असतं तर पुढेमागे डुगडुगलंच असतं, आणि म्हाताऱ्या माणसाला तीच पडायची भीती. म्हणून भांडं पाइपावर ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या, ड्रिलने भोकं पाडली, धूळ झटकून त्यांत स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या. लेव्हल पाहून खाली पातळ चिपा सरकवल्या. स्क्रू वॉशर घालून, आलटून पालटून, हळूहळू आवळले. जोर जास्त झाला तर भांडं तडकतं. धरायला भिंतीला स्टीलचा दांडाही लावला. तो मला कमोडइतकाच गरजेचा वाटतो.

गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं. त्यांच्या खराट्याच्या गोष्टी मायनंच सांगितलेल्या.

दारात उभी राहून तिनं विचारलं, "हालत नाई ना रे बापू?"

दोन्ही हातांनी दाबून दाखवलं. मग कडेनं सिमेंट भरलं. उद्या संध्याकाळपर्यंत सुकेल.