तुम्ही विचारलंत म्हणून : जूलवर यान उतरवता का येत नाही?

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा अवकाशयानांचा गेम मी बरीच वर्षं खेळते आहे. कुणाला रस दिसला की शेजारी बसवून दाखवतेही. त्यातला जूल नावाचा प्रचंड हिरवा ग्रह पडद्यावर मोठा होत गेला की बघणारा हमखास विचारतो, "आता उतरणार का यावर?" मग तो सहावीतला भाचा असो नाहीतर त्याची आजी. नाही म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, "का? गेममध्ये तेवढं करायचं राहिलं वाटतं?"

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राहिलेलं काही नाही. जूल हा आपल्या गुरूसारखा वायूंचा ग्रह आहे आणि त्याला जमीनच नाही. खेळणाऱ्याच्या समाधानासाठी खाली एखादा हिरवा समुद्र टाकून देणं बनवणाऱ्यांना सहज शक्य होतं. त्यांनी तो टाकला नाही. या एका गोष्टीसाठी मला या गेमबद्दल फार आदर वाटतो.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीने तो २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला, पूर्ण आवृत्ती २०१५ साली आली. सुटे भाग जोडून रॉकेट बनवायचं, कर्बिन या पृथ्वीसारख्या ग्रहावरून ते उडवायचं आणि पुढचं सगळं न्यूटनच्या नियमांवर सोडायचं. जूल त्यात २०१२ पासून आहे. त्याला पाच चंद्र आहेत: लेथ, वॉल, टायलो, बॉप आणि पोल.

जूलमध्ये शिरून बघायचंच असेल तर काय होतं? वातावरण २०० किलोमीटर उंचीपासून सुरू होतं. कवचाभोवती ज्वाळा उठतात, वेग उतरतो, पॅराशूट उघडतं. त्यानंतर बराच वेळ यान नुसतं लटकत खाली जात राहतं. उंचीचा आकडा घटतो: १०० किलोमीटर, ५०, २०. दाबमापकाचा आकडा तितकाच वाढत जातो. कर्बिनवर समुद्रसपाटीला जेवढा दाब असतो (तो पृथ्वीवरच्याएवढाच आहे) त्याच्या पाचपट, मग दहापट. एरवी कुठल्याही ग्रहावर उतरताना डोंगर जवळ येतात, खड्डे मोठे होतात, शेवटी यानाची सावली दिसते. इथे काहीच जवळ येत नाही. शून्य उंचीपाशी दाब १५ पट झालेला असतो. आकडा शून्याच्या जरा खाली गेला की गेम यान नष्ट करून टाकतो. ते कशावर आपटलेलं नसतं. एवढ्या खोलीपर्यंतचंच गणित गेममध्ये केलेलं आहे, म्हणून तो तिथे थांबतो.

मग ते शून्य आलं कुठून? ते ठरवून घेतलेलं आहे, आणि खऱ्या गुरूवरही तसंच करतात. समुद्रसपाटी नसल्यामुळे वातावरणात जिथे दाब १ बार, म्हणजे साधारण आपल्या इथल्या हवेएवढा आहे, ती पातळी शास्त्रज्ञांनी शून्य धरली आहे.

यावर आजीबाईंचा प्रश्न रास्त होता. वायू एवढा दाबला गेला तर त्याचं कधीतरी पाणी व्हायलाच हवं, मग त्या पाण्याला पृष्ठभाग नको का? सिलिंडरमधल्या गॅसचं होतं तसं. गुरू मुख्यतः हायड्रोजनचा आहे आणि हायड्रोजनचं एक वैशिष्ट्य आहे. त्याचं तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्या वर असलं की कितीही दाबलं तरी वायू आणि द्रव असे दोन वेगळे थर पडत नाहीत. गुरूचे वरचे ढगसुद्धा त्याहून कितीतरी गरम आहेत, आणि खोल जावं तसं तापमान वाढतच जातं. त्यामुळे हायड्रोजन फक्त दाट होत जातो. घाटात गाडी धुक्यात शिरते तेव्हा धुकं नेमकं कुठे सुरू झालं त्यावर बोट ठेवता येत नाही, तसंच हे. फार खोलवर, दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दहा लाख पटींच्याही वर गेला की तोच हायड्रोजन धातूसारखी वीज वाहू लागतो. अगदी मध्याशी तरी टणक गोळा असेल अशी आशा होती. नासाचं जूनो यान २०१६ च्या जुलैमध्ये गुरूच्या कक्षेत पोचलं. त्याने गुरुत्वाकर्षणाची जी मोजमापं पाठवली त्यांतून दिसतं की गाभासुद्धा कडा नसलेला, आजूबाजूच्या हायड्रोजनमध्ये विरघळत गेलेला असावा. म्हणजे उतरायला आतपर्यंत कुठेच काही नाही.

गुरूमध्ये माणसाने खरोखरच यान सोडलेलं आहे. ती गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण गेमबद्दलचं बोलणं तिच्याशिवाय अर्धं राहतं.

नासाच्या गॅलिलिओ मोहिमेच्या मुख्य यानापासून ३३९ किलोचा एक शोधक १९९५ च्या जुलैमध्ये वेगळा झाला. त्याला इंजिन नव्हतं. जवळजवळ पाच महिने तो बहुतेक उपकरणं बंद ठेवून नुसता पडत राहिला आणि ७ डिसेंबर १९९५ ला सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात घुसला. हा वेगसुद्धा कमी करून मिळवलेला होता. गुरूच्या ओढीने पडणारी वस्तू सेकंदाला ६० किलोमीटरच्या आसपास पोचते. पण गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतो, त्यामुळे विषुववृत्ताजवळची हवा सेकंदाला साडेबारा किलोमीटरने पळत असते. शोधक त्या पळणाऱ्या हवेच्याच दिशेने सोडला होता, म्हणून तेवढा वेग वजा झाला. तरीही वेग उतरताना त्याने आपल्या वजनाच्या २२८ पट भार सोसला. त्याच्या वजनात १५२ किलो एकट्या उष्णतारोधक कवचाचे होते आणि त्यातले सुमारे ८० किलो काही क्षणांत जळून गेले. मग पॅराशूट उघडलं आणि तो तासाभराहून थोडा कमी वेळ माहिती पाठवत राहिला. वारे खाली मंदावतील असा अंदाज होता, ते मंदावले नाहीत. पाणी अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडलं, कारण तो योगायोगाने एका कोरड्या, ढग विरळ असलेल्या पट्ट्यात उतरला होता. शेवटी संदेश बंद झाले तेव्हा बाहेरचा दाब २२ बारच्या पुढे आणि तापमान दीडशे अंशांच्या वर होतं.

आता हा दाब जूलच्या १५ शी ताडून बघा. गेममध्ये जिथे यान संपतं, त्याच्याही पुढच्या दाबात तो खरा शोधक काम करत होता. मला हे कळलं तेव्हापासून जूलच्या शून्यापाशी यान पोचलं की त्या शोधकाचा आदर आणखी वाढतो.

गेमचं काय चुकतं, तेही सांगायला हवं. जूलची त्रिज्या ६,००० किलोमीटर आहे, म्हणजे तो पृथ्वीहूनही किंचित लहान. गुरूची विषुववृत्ताशी त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर. कर्बिनवरून कक्षेत जाणं सामान्य माणसाला एका संध्याकाळी जमावं म्हणून गेममधले ग्रह असे आक्रसलेले आहेत. ते आक्रसले तरी पायाखालची ओढ ओळखीची राहावी म्हणून त्यांना भलतंच जड करावं लागलं. जूलच्या वस्तुमानाला त्याच्या घनफळाने भागलं तर घनता पाण्याच्या साडेचार पटींहून जास्त येते. हे खडकाचं वजन झालं. गुरूची घनता पाण्याच्या १.३३ पट आहे. या हिशेबाकडे मी सहज काणाडोळा करते. ज्या गोष्टी जपायच्या त्या जपलेल्या आहेत: जूलचा दिवस दहा तासांचा, गुरूचा पाच मिनिटांनी कमी. कर्बिन आणि जूल यांच्या सूर्यापासूनच्या अंतरांचं प्रमाण पाच पट, पृथ्वी आणि गुरूचं ५.२ पट. त्यामुळे जूलपाशी सोलर पॅनेल जवळपास निकामी होतात, आणि जूनोला एवढे लांबलचक पंख का लावले ते न सांगता कळतं.

काणाडोळा करवत नाही तो दोन गोष्टींकडे. एक म्हणजे प्रवेशाचा वेग. जूलमध्ये यान सेकंदाला नऊएक किलोमीटरने शिरतं. किलोमागे जी ऊर्जा झेलायची, ती गुरूपाशी याच्या तीसएक पट होते. गेममध्ये जूलच्या हवेत घासून वेग कमी करणं जोखमीचं असलं तरी जमतं. खऱ्या गुरूपाशी असं करून कक्षेत राहिलेलं यान आजवर नाही.

दुसरी गोष्ट किरणोत्सर्गाची. गुरूचं चुंबकीय क्षेत्र प्रचंड आहे आणि त्यात अडकलेले वेगवान कण जवळच्या चंद्रांवर सतत आदळत असतात. त्यांतल्या युरोपा या चंद्रावर उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला एका दिवसात जीवघेणा डोस मिळेल, आणि आयो हा चंद्र तर त्याच्याही आत आहे. जूनोचे संगणक टायटॅनियमच्या पेटीत बंद करून पाठवावे लागले. मूळ गेममध्ये यातलं काहीच नाही. उलट सगळ्यांत आतल्या लेथवर समुद्र आहे, बेटं आहेत आणि जेट इंजिन चालेल एवढा ऑक्सिजन आहे. लेथच्या किनाऱ्यावर यान उभं करून आकाशात जूल बघणं फार सुंदर आहे, मी कुणालाही ते बघितल्याशिवाय सोडत नाही. पण त्या जागी खरा माणूस उभा राहू शकला नसता, हेही त्याच वेळी सांगते. कर्बलिझम नावाचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोड, घातला तर गेममध्ये किरणोत्सर्गाचे पट्टे येतात. थोडं शिकून झालं की तो जरूर घालावा.

चंद्रांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. लेथ, वॉल आणि टायलो यांच्या फेऱ्यांचे काळ एक, दोन, चार अशा पटीत आहेत, गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांसारखेच. पण मूळ गेममध्ये चंद्र एकमेकांना ओढत नाहीत, आखून दिलेल्या वाटेवरून फिरत राहतात. आणि यानालाही एका वेळी एकच ग्रह किंवा चंद्र ओढतो. प्रिन्सिपिया नावाच्या मॉडने सगळ्यांची ओढ एकत्र मोजायला सुरुवात केली, तेव्हा जूलची मूळ चंद्रमाळ टिकेना आणि कक्षा बदलून घ्याव्या लागल्या. गुरूभोवती मात्र हीच परस्परांची ओढ आयोला आतून मळून काढते आणि तापवते. तिथे ज्वालामुखी असतील असं भाकीत १९७९ च्या मार्चमध्ये छापून आलं आणि काही दिवसांतच व्हॉयेजर १ च्या छायाचित्रात ते दिसले.

"मग उतरायचं नाही तर तिथे जायचं कशाला?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. चंद्रांसाठी, आणि एक युक्ती शिकण्यासाठी. टायलो हा कर्बिनएवढाच मोठा चंद्र आहे आणि त्याला हवा नाही. दूरून वेगाने आलेलं यान इंजिन न चालवता जूलभोवती अडकवायचं असेल तर त्याला टायलोच्या पुढून, म्हणजे टायलो ज्या दिशेने चाललाय त्या बाजूने काढायचं. नकाशाच्या पडद्यावर जूलपाशी येऊन पुन्हा दूर निघून जाणारी उघडी रेघ असते. वाटेत, अजून महिनोन्‌महिने बाकी असताना, सेकंदाला एखाद्या मीटरची दुरुस्ती करायची. रेघ टायलोकडे सरकते, अजून थोडी सरकते, आणि एका क्षणी ती उघडी रेघ मिटून लंबगोल होते. यानाचा वेग टायलोने घेतला. शेजारी बसलेल्या कुणालाही गुरुत्वाकर्षण समजावायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

हे गेमपुरतं नाही. गॅलिलिओचा शोधक ज्या दिवशी गुरूत घुसला त्याच दिवशी मुख्य यान आयोपासून साधारण ९०० किलोमीटरवरून गेलं. आयोने त्याचा थोडा वेग काढून घेतला आणि तेवढं इंधन वाचलं. टेपरेकॉर्डरमध्ये आधीच बिघाड झालेला होता, शोधकाची माहिती त्यावर नोंदवायची होती, म्हणून त्या भेटीत आयोची छायाचित्रं घेणं रद्द केलं गेलं. आता युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान २०२३ च्या एप्रिलमध्ये निघालेलं आहे आणि २०३१ च्या जुलैमध्ये गुरूपाशी पोचेल. गुरूच्या कक्षेत शिरायला इंजिन पेटवण्याच्या साडेसात तास आधी त्याला गॅनिमीडजवळून काढायचं ठरलेलं आहे. टायलोचा वळसा ज्यांनी एकदा हाताने जमवलाय, त्यांना ते साडेसात तास आधी का, हे कुणी समजावून द्यावं लागणार नाही.