उन्हाळी पॉटरी वर्कशॉप निवडताय? चाकाच्या पुढचं विचारा

एप्रिल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, ताई सुट्टीत पॉटरी शिकायचीय, यातलं कुठलं वर्कशॉप करू? आणि सोबत दोन-तीन पोस्टर फॉरवर्ड केलेली असतात, सगळ्यांवर चाकावरच्या ओल्या मातीचा फोटो आणि खाली बिगिनर, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा पाट्या. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत दर मे महिन्यात शिकवायला मदत करते, त्यामुळे दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतेय.

माझं म्हणणं एकच आहे. वर्कशॉप कुठल्या लेव्हलचं आहे ते नंतर बघा, आधी विचारा की चाकावरून भांडं उतरल्यावर त्याचं पुढे काय होतं आणि त्या वेळी मी तिथे असणार आहे का.

कारण चाकावरचं काम म्हणजे सगळ्या प्रवासातली जेमतेम पंधरा मिनिटं. नंतर भांडं थोडं सुकून चपलेच्या कातड्याइतकं घट्ट व्हायला लागतं, स्टुडिओत त्याला लेदर हार्ड म्हणतात, तेव्हा ते उलटं ठेवून बुडाची जादा माती तासायची म्हणजे ट्रिमिंग, कान लावायचे असतील तर तेही याच वेळी, मग सावकाश पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग ९५० ते १००० अंशांच्या आसपास पहिली भाजणी म्हणजे बिस्क, मग ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर म्हणजे जास्त उष्णतेला भाजायची घट्ट माती असेल तर साधारण १२०० ते १२८० अंशांपर्यंत. हे सगळं शनिवार-रविवारमध्ये बसणं शक्यच नाही. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही माती हाताळता, मजा येते, ती मजा खरी आहे आणि मी तिला अजिबात कमी लेखत नाही, पण पुढचं सगळं दुसरं कुणीतरी करतं आणि महिन्याभराने तुम्हाला एक चकचकीत वाटी मिळते. शिकायचं असेल तर निदान तीन आठवडे पसरलेला, आठवड्यातून दोन-तीनदा जायचा कोर्स बघा.

आता उन्हाळ्याचं. लोकांना वाटतं ऊन आहे म्हणजे माती पटापट वाळेल, बरंच झालं. उलट आहे! पुण्यात मे महिन्यातली दुपार म्हणजे हवा ठणठणीत कोरडी, विदर्भात तर विचारूच नका, आणि अशा हवेत भांड्याचा पातळ काठ आधी वाळतो, जाड बूड ओलंच राहतं, वाळताना माती आकसते, काठ आकसून बसलेला आणि बूड अजून आकसायचंय, मग बुडाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. चहाच्या मगाच्या कानाचं तर फारच नाजूक काम. कान बारीक, मगाची भिंत जाड, दोघांचा ओलावा सारखा नसेल तर सांध्यावर केसासारखी चीर येते आणि ती कधी कधी भाजल्यावरच दिसते. म्हणून आम्ही काय करतो, भांडं आणि कान दोन्ही एकाच घट्टपणाला आले की सांध्याच्या जागी दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढायचे, त्याच मातीचा दाट चिखल लावायचा, दाबून बसवायचं, बाहेर आलेला चिखल बोटाने पुसून घ्यायचा, कानाभोवती ओल्या सुती कापडाची पट्टी, आणि वरून सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी. दुसऱ्या दिवशी पिशवी उलटी करून आतला घाम पुसायचा आणि परत झाकायचं. पंखा बंद. हो, मे महिन्यात पंखा बंद, निदान मांडणीच्या बाजूचा तरी. मुंबईत किंवा कोकणात हवा दमट असल्याने हा त्रास बराच कमी, तिथे उलट भांडं पूर्ण कोरडं व्हायला वेळ लागतो आणि घाईने भट्टीत टाकलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं.

ज्यांनी मातीला कधी हातच लावलेला नाही त्यांना मी आग्रहाने सांगते, पहिले काही दिवस चाकावर बसू नका. गोळ्यात अंगठा घालून चिमटीने वाटी करा, वळ्या करून एकावर एक रचा, लाटून चपटी पाटी करा. हातांना जाडी कळायला लागते. चाकावर पहिल्याच दिवशी बसलं की सगळा वेळ माती मध्यावर आणण्यात जातो, कोपर मांडीवर घट्ट टेकवून हात हलू द्यायचा नसतो, हलायचं मातीने, हे डोक्याला कळतं पण अंगाला कळायला बरेच दिवस लागतात आणि तोवर माणूस हिरमुसतो. शाळकरी पोरांचं तर फारच होतं तसं, व्हिडिओमध्ये फुलदाणी दहा सेकंदात वर येताना बघितलेली असते ना.

आणि माती मळणं! आमच्याकडे येणाऱ्या काकू म्हणतात कणीक मळण्यात आयुष्य गेलं, हे काय मोठंसं. हाताची ताकद असतेच त्यांच्याकडे, पण कणीक मळताना आपण घडी घालून परत दाबतो, त्या घडीत हवा अडकली तरी पोळीचं काही बिघडत नाही. मातीत ती हवा चाकावर बोटाखाली फोड बनून येते आणि भिंत एका बाजूला ओढली जाते. म्हणून माती पुढे ढकलून तशीच गुंडाळत आणायची, घडी घालायची नाही. मग तारेने गोळा मधोमध कापून बघायचा, कापलेल्या तोंडावर एकही छिद्र नको. काकूंना एकदा हे दाखवलं की वर्गात सगळ्यात छान माती त्यांचीच असते, खरंच.

मधल्या लेव्हलचे लोक म्हणजे ज्यांना वाटी, पेला जमतो. यांच्यासाठी चांगलं वर्कशॉप कुठलं, तर जे नवीन आकार शिकवण्यापेक्षा तोच पेला परत परत करायला लावतं. माती तोलून घ्यायची, ठरलेली उंची, ठरलेलं तोंड, आणि एकसारखा सेट. त्यातला एखादा पेला तारेने उभा कापायचा, जीव तुटतो पण कापायचाच, कारण भिंत खाली किती जाड राहिलीय ते दुसऱ्या कशानेच इतकं स्पष्ट दिसत नाही. मग झाकणं, आणि झाकणाबरोबर आकसण्याचा हिशोब. माती वाळून-भाजून १२ टक्के आकसत असेल आणि तयार भांडं १० सेंटीमीटर हवं असेल तर ओलं करताना ते साधारण ११.४ सेंटीमीटर करावं लागतं. दर मातीचा आकडा वेगळा, म्हणून आपल्या मातीची पट्टी करून त्यावर मोजून १० सेंटीमीटरची रेघ मारा, भाजा, परत मोजा. जिथे हे करून घेतात तिथे बिनधास्त पैसे भरा.

अ‍ॅडव्हान्स्ड म्हणवणाऱ्यांनी मात्र भट्टीजवळच बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाक चालवणारे पण कधीच भट्टी न भरलेले खूप लोक आहेत. ५७३ अंशाला मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाची रचना बदलते आणि ते एकदम फुगतं, थंड होताना परत आकसतं, म्हणून तिथे भट्टीचा वेग कमी ठेवायचा, भट्टी अर्धवट गरम असताना झाकण उघडायचं नाही. भट्टीत लावायचे छोटे सुळके, ज्यांना कोन म्हणतात, उष्णतेने वाकतात आणि त्यावरून नुसतं तापमान नाही तर मातीने किती उष्णता पचवली ते कळतं. हे सगळं भट्टीशेजारी बसूनच शिकता येतं. ग्लेझचंही तसंच, बाजारातली तयार बरणी उघडून बुडवणं म्हणजे ग्लेझ शिकणं नाही. चिनीमाती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चुनखडी तोलून स्वतःच्या टेस्ट टाइल्स करा. पुण्यात राहून काम केलेल्या पॉटर निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझवर जे काम केलं ते आपल्याकडच्या स्टुडिओ पॉटर मंडळींना परिचित आहे, आणि ते अशा असंख्य छोट्या चाचण्यांमधूनच उभं राहिलेलं. राकू नावाच्या भाजणीचं एक दिवसाचं वर्कशॉप मिळालं तर जरूर करा, लालभडक भांडं चिमट्याने बाहेर काढून भुशात टाकतात तो थरार वेगळाच, फक्त ते भांडं सच्छिद्र राहतं, खाण्या-पिण्याला वापरू नका.

वेगवेगळ्या लेव्हलचे लोक एकाच खोलीत असले तर मला आवडतं. नवीन माणूस बाजूच्याचं ट्रिमिंग बघून निम्मं शिकतो. पण शिकवणारी दोन माणसं हवीत, एकट्याने तिन्ही लेव्हल सांभाळायच्या म्हटलं की मधले लोक वाऱ्यावर सुटतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

अजून एक मनापासून सांगायचंय. बऱ्याच वर्कशॉपमध्ये एक दिवस पारंपरिक कुंभाराला बोलावतात. फार चांगली गोष्ट आहे, कारण थापटण्याचं काम बघण्यासारखं असतं, आतून गुळगुळीत दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने हलक्या हाताने ठोकत भांडं मोठं आणि पातळ करत न्यायचं, मातीत राख-लीद मिसळलेली. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं वाजवून कच्चं मडकं ओळखल्याची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते, पण टिचकी मारल्यावर पक्क्या भांड्याचा खणखणीत आणि चीर गेलेल्याचा बद्द आवाज कुंभाराच्या हाताशी उभं राहून ऐकला की ती कथा कुठल्या कामातून आली ते कळतं. पण एप्रिल-मे हा त्यांचा माठांचा सीझन असतो, अक्षय्य तृतीयेला घागरी, करा-केळी लागतात, मुंढवा-केशवनगरच्या कुंभारवाड्यात त्या दिवसांत बोलायला कुणाला सवड नसते. आपल्या सोयीसाठी त्यांचा एक दिवस मोडतो, तर त्यांना स्टुडिओतल्या शिक्षकाइतकंच मानधन मिळायला हवं. शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. फी भरताना हे विचारा, आपण विचारायला लागलो की बदलेल.

बाकीचे प्रश्न भराभर. फीमध्ये माती, दोन्ही भाजण्या आणि ग्लेझ धरलंय का, की भाजणी वजनावर वेगळी? ग्लेझ शिशाविरहित आहे का? आणि स्टुडिओ कोरडा झाडतात की ओल्या फडक्याने पुसतात? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही, वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असतं आणि ते वर्षानुवर्षं फुप्फुसात गेलं तर कायमचा आजार होतो. जिथे झाडूने धूळ उडवतात तिथे पोरांना पाठवू नका.

निवासी शिकायचं असेल आणि सुट्टी मोठी असेल तर हिमाचलात कांगडा जिल्ह्यात आंद्रेटा गाव आहे, तिथला पॉटरीचा तीन महिन्यांचा कोर्स अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहे आणि उन्हाळ्यात हवाही सुसह्य. पुदुच्चेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली सुरू केलं, आज देशातले कितीतरी चांगले पॉटर तिथून शिकून बाहेर पडलेत. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ, कुंभारांना नवी तंत्रं मिळावीत म्हणून सुरू झालेलं काम, पुण्या-मुंबईच्या पॉटरीवाल्यांनी एकदा तरी जाऊन बघावं.

जाताना नखं कापून जा, जुना टॉवेल आणि सुती कपडे न्या, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. आणि भांडी तयार झाल्याचा फोन आला की आणायला जा! जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की लोक विसरतात आणि स्टुडिओच्या फळ्या भरून राहतात. घरी आणल्यावर लगेच चहा ओतू नका, पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागद कोरडा असेल तर वापरायला घ्या, ओला असेल तर भांडं झिरपतंय, त्या भांड्यात पुदिना लावा आणि स्टुडिओत जाऊन नक्की विचारा की भाजणी किती अंशांना झाली होती.