तुरीच्या कोठीतली डिस्क

मागच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी वीज कडाडली, लाईन गेली, आली, परत गेली, आणि त्या येण्याजाण्यात आमचा कॉम्प्युटर जो बसला तो बसलाच. हार्ड डिस्क आतून नुसती टकटक वाजे. बाबांच्या आवाजातला हरिपाठ तिच्यातच होता, आणि तो दुसरीकडे कुठंच नव्हता.

मग उरलंसुरलं गोळा केलं, भावाच्या लॅपटॉपातून, जुन्या मोबाईलातून, लग्नाच्या पेनड्राइव्हमधून, तर भरलं 180 जीबी. पुण्याचा भाचा म्हणे, मामा, क्लाउडवर टाका, टेन्शन खतम. आई तिकडून बोललीच, "ढगाच्या भरोशावर तूर पेरतोच आपन, आता फोटूबी ठेवता काय?"

बरं, गूगलचं फुकटातलं 15 जीबी, त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे एका ताटात जेवणार. जागा विकत मिळते म्हणा, पण चढवायचं कसं? आमच्याकडं अपलोड मिळतं 2 एमबीपीएस, तेही लाईन असली तर, हिशोब केला तं सलग आठ दिवस आठ तास लागतात, आणि इथं सलग आठ तास लाईन राहिली तरी आम्ही कोणाची सभा आहे का म्हणून विचारतो. शिवाय क्लाउड म्हणजे बॅकअपच असं पण नाही, सिंक, म्हणजे मोबाईलात नि वर सारखंच ठेवणं, चालू असलं की मोबाईलातून उडवलेला फोटो वरूनही उडतो, कचरापेटीत 60 दिवस पडून राहतो, मग गेला.

म्हणून 1 टीबीची बाहेरची डिस्क घेतली. ती पण कायम कॉम्प्युटरला लावून ठेवली तर काय उपयोग, वीज पडली की दोघी बरोबरच जातील, व्हायरसनं फाइली लॉक केल्या तर हिच्याही करेल.

हे असं शोधता शोधता बॅकअपचा 3-2-1 नियम सापडला, तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. वाचता वाचता आजीचं ज्वारीचं बियाणं डोळ्यापुढं आलं. थोडी कणसं आढ्याला टांगलेली, थोडे दाणे राखेत कालवून मडक्यात, आणि एक गाठोडं आत्याकडं. एका साली मडक्यात सोंडे पडले, कणसं उंदरांनी खाल्ली, तेव्हा पेरणी आत्याच्या गाठोड्यावरच झाली.

तर आता सातबाऱ्याचे स्कॅन नि बँकेचे कागद, म्हणजे हलकंफुलकं सामान, तेवढं क्लाउडवर. बाकी सगळं दोन डिस्कांवर. एक कपाटात, वायर काढून. दुसरी भाऊबीजेला आर्वीला ताईकडं ठेवून आलो, नीट ठेव म्हटलं, आत लेकीच्या बारशाचे फोटो आहेत.

यंदा राखीला अदलाबदल करायला गेलो तं ताईनं डिस्क तुरीच्या कोठीतून काढली, कडुनिंबाच्या पाल्यासकट.

"किडीचं काई सांगता येत नाई बावा," म्हणे.